गाडी दोघांची, आरसी एकाची

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात दारासमोर उभी असलेली मोटार बहुधा दोघांच्या पैशांची असते. डाउन पेमेंटला पतसंस्थेतली तिची ठेव मोडलेली असते, हप्ता त्याच्या पगारातून जातो आणि मुलांच्या फीच्या महिन्यात तिच्या. आरसीवर मात्र एकच नाव असते, आणि ते बहुतेक घरांत नवऱ्याचे. तो गेला की बाईला पहिल्यांदा कळते, की अर्धे पैसे भरलेल्या गाडीवर कागदोपत्री आपले काहीच नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. पैसे कुणी भरले, गाडी कोण चालवते, पूजा कुणाच्या हातून झाली, याला तिथे जागा नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे शेजारीशेजारी असतात, तशी मोटारीच्या आरसीवर नवरा-बायकोची जोडनावे लावायची पद्धत आपल्याकडे नाही.

गैरसमज होतो तो कर्जाच्या कागदांमुळे. बँकेत सहकर्जदार म्हणून बायकोची सही घेतलेली असते. त्यावरून तिला वाटते, आपणही मालक आहोत. सहकर्जदाराच्या वाट्याला कर्ज फेडायची जबाबदारी येते, मालकी येत नाही. हप्ता थकला तर बँक तिला नोटीस पाठवील, पण गाडी विकायला ती गेली तर तिची सही चालणार नाही. न्यायाच्या दृष्टीने हे उफराटेच आहे, पण कागद असा आहे हे आधी मनाशी पक्के केले की पुढची धावपळ वाचते.

परदेशात असलेली मुले फोनवरून वेगळेच सांगतात, तेही ऐकून गोंधळ होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गाडीच्या मालकीपत्रावर दोघांची नावे घालता येतात. दोन नावांमध्ये ‘किंवा’ असेल तर एकाच्या सहीने काम होते, ‘आणि’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात, आणि हयात जोडीदाराकडे मालकी जावी अशी खास नोंदही करता येते. तिथे ते बरोबर आहे. आपल्या आरसीला त्यातले काहीच लागू होत नाही. इथे मालक गेल्यावर गाडी वारसाच्या किंवा आरसीवरच्या नॉमिनीच्या अर्जानेच नावावर होते.

तीस दिवस आणि तीन महिने

या कामात दोन मुदती आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ५६ प्रमाणे, मालक वारल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरत राहण्याच्या इराद्याची खबर द्यायची. ती दिली की मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने गाडी आपल्याच नावावर असल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये मालकी बदलाचा अर्ज करायचा.

तीस दिवसांची खबर बहुतेक घरांत दिली जात नाही. दहावा, तेरावा, वर्दळ, त्यात महिना कधी सरतो ते कळत नाही. साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज पुरतो: वाहन क्रमांक, मालकाचे नाव, मृत्यूची तारीख, अर्जदाराचे नाते आणि ‘वाहन मी वापरत आहे, मालकी बदलाचा अर्ज मुदतीत करीन’ एवढे वाक्य. सोबत मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. हे काम मुलगा, जावई, भाचा, कुणीही आपले आरटीओ असलेल्या श्रीरामपूरला जाता-येता करू शकतो. मुदत उलटून गेली असेल तरी अर्ज घेतला जातो. उशिराचा भुर्दंड पडतो आणि दरम्यानच्या काळात विम्याची बाजू लंगडी राहते, म्हणून टाळाटाळ नको.

मृत्यू दाखला कुठून घ्यायचा, इथे बेलापूरकरांची पहिली फेरी फुकट जाते. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. घरी गेले तर बेलापूरच्या ग्रामपंचायतीत. श्रीरामपुरातल्या दवाखान्यात गेले तर तिथल्या नगरपालिकेत. लोणीच्या प्रवरा रुग्णालयात, शिर्डीत, नगरला, नाशिकला किंवा पुण्याला गेले तर त्या-त्या ठिकाणच्या निबंधकाकडे. खबर २१ दिवसांत गेली की पहिला दाखला मोफत मिळतो. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंदच होत नाही. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, कारण बँक, विमा, पेन्शन, आरटीओ, सगळ्यांना त्या लागतात.

दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी नाव वाचा. आरसीवर ‘भाऊसाहेब’ आणि दाखल्यात ‘भाऊ’, आधारवर ‘राव’ लावलेले आणि आरसीवर नाही, वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे, अशा गोष्टींवर अर्ज परत येतात. दाखल्यातली चूक निबंधकाकडून दुरुस्त करून मिळते, आणि हे काम लगेच केले तर सोपे जाते. आरसीवरच नाव वेगळे पडले असेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. जिल्ह्याचे नाव जुन्या कागदांवर अहमदनगर आणि नव्यांवर अहिल्यानगर असेल, त्याची मात्र काळजी नको.

वारस कोण, आणि सही कुणाची

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई येतात, आणि त्यांचे वाटे सारखे असतात. समजा, बेलापुरातले एक गृहस्थ वारले. मागे बायको, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, संगमनेरला दिलेली मुलगी आणि ८० वर्षांची आई आहे. गाडीत प्रत्येकाचा चौथा हिस्सा. वडील हयात असले तरी या वर्गात येत नाहीत. भाऊही येत नाहीत, मग त्यांनी गाडी घेताना कितीही पुढाकार घेतलेला असो.

दोन माणसांचा विसर हमखास पडतो. एक सासूबाई, दुसरी लग्न झालेली मुलगी. ‘तिचे लग्न झाले, तिचा काय संबंध’ असे म्हणणारे घरोघरी भेटतात. संबंध आहे, आणि तिची नाहरकत नसेल तर पुढे कधीतरी तक्रार उभी राहू शकते. सासूबाईंना सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण तो नोटरीसमोर, ओळख पटवून.

गाडी बायकोच्या नावावर असेल आणि तीच आधी गेली, तर हिशेब बदलतो. तिचे वारस नवरा आणि मुले. नवरा किंवा मुले असताना तिच्या आईवडिलांचा हक्क येत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे व्यक्तिगत कायद्याने ठरतात: मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, विधुराचा चौथा. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मुले असतील तर एक तृतीयांश विधवेचा, बाकीचा मुलांचा. हरेगावच्या मतमाउलीला जाणारी कितीतरी घरे आपल्याच पंचक्रोशीत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता खरे बोलायचे ते सहीबद्दल. तेराव्याच्या आधी-नंतर घरात माणसे असतात. कुणीतरी वडीलधारे म्हणते, ‘वहिनींना गाडी कुठे चालवता येते? पोराच्या नावावर करून टाका.’ किंवा दिराच्या. बाई त्या दिवसांत कशालाच नाही म्हणत नाही आणि नाहरकतीवर सही करून मोकळी होते. माझे स्पष्ट मत असे, की गाडी आधी तिच्याच नावावर व्हावी. मालक व्हायला लायसन्स लागत नाही. ड्रायव्हर ठेवून, मुलाला चालवायला देऊन ती मालक राहू शकते. पुढे मुलाला द्यायची असेल तर तिच्या सहीने केव्हाही देता येईल. एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलेली गाडी परत तिच्याकडे येणे मात्र त्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. मुलाशी उत्तम पटत असले तरीही क्रम हाच ठेवावा. सोने, ठेवी, जमीन यांत बाईचे नाव मागे राहण्याची सवय घराघरात आहे. निदान गाडीत तरी ती मोडायला काही अडत नाही.

कागद तयार करताना अर्जदाराचे एक प्रतिज्ञापत्र (मी वारस आहे, इतर वारस हे, वाहन माझ्या ताब्यात आहे) आणि इतर प्रत्येक वारसाचे नाहरकत प्रतिज्ञापत्र करायचे. अज्ञान मुलाच्या वतीने आई सही करते. वारस सिद्ध करायला काय मागतील हे प्रकरण पाहून ठरते. रेशनकार्ड, वारसनोंदीचा फेरफार असेल तर त्याची नक्कल, तहसीलचा दाखला, यातले जे हाताशी आहे ते सगळे सोबत न्या. वारसांत भांडण असेल किंवा पहिल्या लग्नाची मुले असा काही गुंता असेल, तर दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र हाच खात्रीचा मार्ग. ते आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळते. एकमत असलेल्या घराने एका मोटारीसाठी कोर्टाची पायरी चढायचे कारण नाही. स्टॅम्पचे एक सांगतो: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक आला, पण सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी आहे. ‘पाचशेचाच लागेल’ असे कुणी ठासून सांगितले तर तो नियम कुठला, हे शांतपणे विचारावे.

श्रीरामपूरची फेरी

आपली गाडी एमएच १७ ची, म्हणजे श्रीरामपूरच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची. रेल्वेने बेलापूरचे नाव दिले ते स्टेशनही श्रीरामपुरातच आहे, तसे हेही. ऑनलाइन अर्ज करताना पत्त्यात तालुका श्रीरामपूर ठळक लिहा. नवी मुंबईतही एक बेलापूर आहे, आणि नवी आरसी टपालाने घरी येते.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘परिवहन’ पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून सुरू होतो. त्याचा ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल असतो गेलेल्या माणसाचा. म्हणून घाईने त्यांचे सिम बंद करू नका. फास्टॅग, बँक, विमा, सगळ्यांचे निरोप त्याच नंबरवर येतात. रिचार्ज संपून नंबर बंद झाला असेल तर आधी आरसीवरचा मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा लागतो.

मालकी बदलताना प्रकार निवडायचा रकाना येतो. तिथे विक्री न निवडता मृत्यूमुळे हस्तांतरण निवडा, कारण चुकीचा प्रकार निवडला की सगळे पुन्हा. मग नमुना ३१, मूळ आरसी, मृत्यू दाखला, चालू विमा, चालू पीयूसी, अर्जदाराचे आधार व पॅन (पॅन नसेल तर नमुना ६०), फोटो, प्रतिज्ञापत्रे आणि चेसिस प्रिंट. चेसिस प्रिंट म्हणजे चेसिसवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, आकडे कागदावर उमटतात. जागा धूळ आणि ग्रीसने भरलेली असते, म्हणून आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या आणि दोन-तीन प्रिंट काढा. अर्धवट उमटलेला आकडा हे अर्ज परत यायचे अगदी किरकोळ पण नेहमीचे कारण आहे.

केंद्रीय नियमांतील हस्तांतरणाची मूळ फी मोटारीला ३०० रुपये, दुचाकीला १५०. वर स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपाल. पोर्टल जो आकडा दाखवील तो अंतिम. यापुढचे पैसे जे मागतात ते सेवेचे असतात, सरकारचे नव्हेत. एजंट धरायला हरकत नाही, ज्या घरात धावायला कुणी नाही त्यांची सोय होते. पण पावती सरकारी आणि मेहनताना वेगळा, हे आधी बोलून घ्या.

अर्जाच्या आधी आणखी तीन गोष्टी तपासा. थकलेली ई-चलने भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर परिवहन विभाग मालकी बदलासारखी कामे अडवतो. आणि गाडीला १५ वर्षे झाली असतील तर आधी नोंदणीचे नूतनीकरण.

मागच्या तारखेची सही

एक सल्ला एजंटाच्या टपरीवर हळू आवाजात मिळतो. ‘कशाला वारस-बिरस करता? मागच्या तारखेचे २९-३० भरू, साहेबांची सही मारू, दोन दिवसांत नाव चढेल.’ नमुना २९ आणि ३० हे विक्रीचे. गेलेल्या माणसाची सही करून ते भरणे ही उघड बनावट कागदपत्रे आहेत, आणि गुन्हा एकट्या एजंटावर नाही, ज्याच्या नावावर गाडी गेली त्याच्यावरही येऊ शकतो. विक्रीची तारीख आणि दवाखान्यात दाखल असल्याची तारीख एकच निघाली, की विमा कंपनीच्या वकिलाला दुसरे काही शोधावे लागत नाही. गाडी ठेवायची नाही, विकायचीच आहे, तरीही आधी वारसाच्या नावावर आणि मग गिऱ्हाइकाच्या. हा जास्तीचा महिना गेला तर जाऊ द्यावा.

गाडीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तिची नाहरकत लागते. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: कर्जासोबत जीवन विमा काढला होता का? कर्ज देताना कधीकधी हप्त्यातच त्याचा प्रीमियम धरलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. विमा निघाला तर उरलेले कर्ज त्यातून फिटू शकते. नसेल तर हप्ते थांबवू नका. मृताचे खाते गोठले की ऑटो-डेबिट परत जाते आणि दंड चढतो, म्हणून हप्ता आपल्या खात्यातून भरण्याची सोय लगेच करून घ्या. कर्ज पूर्ण फिटले असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही-शिक्का घेऊन बोजा उतरवणे याच अर्जाबरोबर उरकून टाका.

विम्याची गोष्ट लोकांना सर्वात उशिरा आठवते. मोटार पॉलिसीच्या अटीतच लिहिलेले असते, की एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाल्यास पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोपर्यंत, चालू राहते. या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा नवी घ्यावी. मृत्यू दाखला, गाडीवरचा हक्क दाखवणारा कागद आणि मूळ पॉलिसी घेऊन कंपनीत जायचे. नो क्लेम बोनस जोडीदाराला, मुलांना किंवा आईवडिलांना चालू राहतो, गाडी त्यांच्याकडे आली असेल तर. तो आपणहून मागा.

मृत्यू त्याच गाडीच्या अपघातात झाला असेल, मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स वैध असेल, तर मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे १५ लाख रुपये नामनिर्देशित व्यक्तीला मिळतात, मात्र ते संरक्षण पॉलिसीत किंवा वेगळे घेतलेले हवे. दुःखात हा दावा करायचा राहून जातो. पॉलिसीचे पान काढून ‘पीए ओनर-ड्रायव्हर’ समोर रक्कम आहे का, एवढे आजच पाहा. गाडी बाईच्या नावावर झाली आणि तिला लायसन्स नसेल, तर हे संरक्षण तिला घेता येत नाही. तिच्यासाठी त्याचा प्रीमियम कुणी लावला असेल तर काढायला सांगा.

आरसी नावावर आली की फास्टॅग जुन्या नावाचा बंद करून नवा घ्यायचा, आणि त्यातली शिल्लक मागून घ्यायची.

पिकअप, टेम्पो, स्कूल व्हॅन अशी धंद्याची गाडी असेल तर परमिट वेगळे नावावर करावे लागते. त्याचीही चाल तशीच आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे ३० दिवसांत खबर, तीन महिन्यांत अर्ज. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे दोन वेगळे क्रमांक असतात, म्हणून अर्जही दोन. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या घरांनी हंगाम सुरू व्हायच्या आधी हे उरकावे. ऐन गाळपात ट्रॉली रस्त्यावर अडली तर तोडणीची टोळी फडातच बसून राहते.

राहिला नॉमिनीचा मुद्दा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो, नवी गाडी घेताना किंवा नंतर पोर्टलवरून. मालक गेल्यावर नॉमिनीने ३० दिवसांत खबर द्यायची आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. वारसांच्या नाहरकतींची पळापळ बरीच कमी होते. पण नॉमिनी म्हणजे सगळ्यांचे हक्क संपले असे समजू नका. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत हेच म्हटले, की नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. गाडीचा नॉमिनीही वारसांशी भांडून जिंकेलच असे नाही. म्हणून नॉमिनी बायकोला करावे आणि मृत्युपत्रातही गाडीचा क्रमांक घालून ती कुणाला ते लिहावे, हे जास्त भक्कम.

गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस आज घरात हयात असेल, तर संध्याकाळी आरसी, पॉलिसी आणि कर्जाचा कागद एकत्र काढा. आरसीवर कोणता मोबाइल आहे ते बघा, पोर्टलवर नॉमिनी भरा आणि तिन्ही कागद कुठे ठेवले ते दोघांनाही माहीत असू द्या.